निळ्या फाइलींतले कोरे कागद

१

“मला एक तरी वेल्श कविता बघायचीय,” असं उझमा म्हणाली नसती, तर चोरी कित्येक वर्षं उघडकीलाच आली नसती.

उझमा विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा विभाग सांभाळायची. येत्या गुरुवारी मॅरेड प्रॉथेरो यांचे सगळे कागद तिच्या ताब्यात यायचे होते. मॅरेड मूळच्या वेल्सच्या, इंग्लंडला लागून असलेल्या डोंगराळ मुलखातल्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर आखातातल्या अल ऐन शहरात आल्या, विद्यापीठात शिकवायला लागल्या आणि परत गेल्याच नाहीत. जगात त्यांचं नाव झालं ते इंग्रजी कवयित्री म्हणून. पण मातृभाषा वेल्श, आणि लिहिणं दोन्ही भाषांत. आयुष्यभराचे खर्डे त्यांच्या घरच्या अभ्यासिकेतल्या लोखंडी कपाटात होते. वरच्या कप्प्यांत पिवळ्या फाइली, इंग्रजी कवितांच्या. खालच्या कप्प्यात निळ्या, वेल्श कवितांच्या.

प्राध्यापक निनाद केळुसकरांनी कौतुकाने एक निळी फाइल काढून उझमाच्या हातात दिली. मॅरेडवर ते मोठा ग्रंथ लिहीत होते, आणि कागदांची यादीही त्यांनीच केली होती.

उझमाने फाइल उघडली. आत प्रिंटरचे कोरे कागद होते.

निनादने दुसरी उघडली, मग तिसरी, मग भराभर सगळ्याच. एकूण एक निळी फाइल कोऱ्या कागदांनी फुगवून परत जागच्या जागी उभी केलेली होती. पिवळ्या फाइलींना मात्र कोणी बोटही लावलेलं नव्हतं.

“काय झालं?” खिडकीजवळच्या खुर्चीतून मॅरेड म्हणाल्या. “सगळे गप्प का झालात?”

 दारात चहाचा ट्रे घेऊन कॉन्सेप्टा उभी होती. या घरात कामाला राहून तिची उमर गेली होती. निनादने तिच्याकडे वळून हिंदीत विचारलं, “कपाटाची चावी कुठे असते, माहीत आहे ना तुम्हाला?”

“शिवणाच्या डब्यात,” कॉन्सेप्टा म्हणाली. “सगळ्यांनाच माहीत आहे.”

“सगळ्यांना नाही,” निनाद म्हणाला, “घरातल्यांना.”

२

ॲनेट तुस्कानो दुबईच्या देरा भागातल्या एका विमा सर्वेक्षकांच्या ऑफिसात होती. माल भिजला, जळाला, चोरीला गेला असे दावे यायचे. त्यातला खरा कोणता आणि रचलेला कोणता, हे शोधून काढणं तिचं काम. गोदामाच्या दारात उभी राहून ती दोन प्रश्न विचारायची आणि तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस घाम पुसायला लागायचा, अशी तिची ख्याती होती.

कॉन्सेप्टा तिच्या वसईच्या गावची, आईच्या नात्यातली. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. चिडली होती.

“गुरुवारपर्यंत कागद सापडले नाहीत तर तो प्रोफेसर पोलिसात जाणार म्हणतो. केस झाली की माझा व्हिसा खलास. पण ॲनेट, मी घेतलेच नाहीत तर मी घाबरू कशाला? मी त्याला तोंडावर सांगितलं, लिहा माझं नाव, मी सही करते.”

“सही कशावरही करू नकोस, मावशी. उद्या येते मी.”

दुबईतच अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिचा नवरा विल्फ्रेड हॉटेलच्या ड्युटीसाठी टाय बांधत होता. “उद्या तुझी क्लायंट मीटिंग आहे ना?” त्याने आरशातूनच विचारलं.

“पुढे ढकलते.”

“मॉम, आर यू गोइंग टू कॅच अ थीफ?” सोफ्यावरून सॅमने विचारलं.

“आधी चोरी बघते,” ॲनेट म्हणाली, “चोर मग.”

मंगळवारी सकाळी ती गाडी काढून अल ऐनला पोचली. बंगल्याच्या फाटकाशी कॉन्सेप्टा वाट बघत होती. दोघी त्यांच्या कादोडी बोलीत बोलायला लागल्या. ओट्यावर बसायचं सोडून कॉन्सेप्टाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आदल्या आठवड्यात सोमवारी अभ्यासिकेतला एसी गळला आणि कपाटात पाणी गेलं. तिने निळ्या फाइली काढून कपाट कोरडं केलं, फाइली वर लिहिलेल्या कवितांच्या नावांप्रमाणे ओळीने परत लावल्या. दुसऱ्या दिवशी निनादने येऊन प्रत्येक फाइल उघडून बघितली, कपाटातल्या ओळीचे फोटो काढले. तेव्हा कागद होते. म्हणजे जे घडलं ते त्या मंगळवारनंतर आणि उझमाच्या भेटीच्या आधी.

“त्या दिवसांत कोण कोण आलं?”

“प्रोफेसर येत-जात होता. शनिवार-रविवार कॅट्रिन राहायला होती, मॅडमची मुलगी. दुबईला शाळेत शिकवते. शनिवारी संध्याकाळी मी चर्चला गेले होते. बाकी कोणी नाही.”

तेवढ्यात निनाद बाहेर आला. त्या दोघींचं बोलणं ऐकून तो हसला. “ही कुठली मराठी हो? अर्धी कळली नाही मला.”

“वसईची आहे, आमच्या घरची,” ॲनेट म्हणाली. “तुम्हाला कळावी म्हणून बोलत नव्हतो आम्ही.”

३

निनाद वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. विद्यापीठातला मान, तीन वर्षांचं काम, गुरुवारचा समारंभ, सगळंच त्या कपाटावर टांगलेलं होतं.

“हे बघा मिसेस तुस्कानो, माझं कोणाशी पर्सनल वैर नाही. पण लॉजिकली विचार करा. कोणी आतलंच आहे. लॉक तुटलेलं नाही.”

“वेल्श कागदांचं कोणाला काय होणार?”

“तोच तर प्रश्न आहे. खरं सांगायचं तर अभ्यासाच्या दृष्टीने ते दुय्यम आहेत. माझ्या पुस्तकाचा मुख्य मुद्दाच तो आहे. इथे वाळवंटात आल्यावर मॅरेडनी वेल्श मागे टाकली आणि त्यांचा खरा आवाज इंग्रजीत सापडला. निळ्या फाइलींत तरुणपणचंच काही असणार.”

“असणार? म्हणजे तुम्ही वाचलेलं नाही?”

“मला वेल्श येत नाही. इथे येतं कोणाला? मॅरेड सोडल्या तर कोणालाही नाही. मुलीलासुद्धा नाही.”

ॲनेट कपाटासमोर उकिडवी बसली. चोराने फाइली रिकाम्या करून नेटक्या उभ्या केल्या होत्या. नावं इंग्रजीसारख्याच रोमन लिपीत, ठळक अक्षरांत. तिने ती डावीकडून उजवीकडे वाचत नेली. ओळ सरळ होती, पण मधेच एके ठिकाणी पाय अडखळावा तसं झालं. ‘सी-एच’ने सुरू होणारं नाव ‘सी-आर’ आणि ‘सी-वाय’च्याही नंतर ठेवलं होतं.

“बघितलंत?” निनाद मागून म्हणाला. त्याने फोनवर आपला फोटो काढून दाखवला. “मी मंगळवारी आलो तेव्हा ऑर्डर बरोबर होती. सी-एच आधी, मग सी-आर, मग सी-वाय. आता बघा. डबल एलची दोन्ही नावं ‘एल-ओ’च्या नंतर. चोराला एबीसीडीसुद्धा धड येत नाही. आता तुम्हीच सांगा, या घरात शाळा अर्धवट सोडलेलं कोण आहे?”

दाराआडून कॉन्सेप्टाचा आवाज आला. “मंगळवारची ती बरोबर ऑर्डर मीच लावलेली होती, सर.”

निनादने फोन खिशात ठेवला. पण त्याचा चेहरा काही बदलला नाही.

४

थोड्या वेळाने मॅरेड प्रॉथेरो अभ्यासिकेतल्या आपल्या खुर्चीत येऊन ताठ बसल्या. पांढरे केस कापून अगदी आखूड केलेले. ॲनेट जवळ आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता तिच्या थोडं डावीकडे बघितलं.

“तू कॉन्सेप्टाची भाची. चालण्यातच ठसका आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “बस. माझ्या डोळ्यांत आता फक्त कडा उरल्यात, मधलं सगळं धुकं आहे. खिडकी दिसते, माणूस दिसत नाही.”

“मग वाचणं?”

“इंग्रजी यंत्र वाचून दाखवतं. वेल्श कोणी नाही.” त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, पण हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळले गेले.

ॲनेटने गेलेल्या कवितांची नावं विचारायला सुरुवात केली. फोनवरच्या फोटोत बघून ती एक नाव वाचायला गेली. “लॅन... लॅन्व?”

मॅरेड खो खो हसल्या. “जीभ वरच्या दातांच्या मागे टेकव. आता ‘ल’ म्हणू नकोस, नुसती हवा सोड. दोन्ही बाजूंनी. ल्लानू. भरती, समुद्राची.”

ॲनेटने प्रयत्न केला. दोनदा थुंकी उडाली, तिसऱ्यांदा जमलं.

“शाब्बास! लोकांना वाटतं ते दोन ‘एल’ आहेत. दोन नाहीत. एकच अक्षर आहे ते, आमच्या स्वतःचं. ‘सी-एच’ही तसंच. माझ्या पणजीला शाळेत वेल्श बोलली म्हणून गळ्यात लाकडाची पाटी अडकवून उभं करायचे. तिने घरी येऊन आपल्या पोरांना पहिलं काय शिकवलं असेल, तर ही अक्षरं.”

ॲनेटला आपला ‘ख’ आठवला. इंग्रजीत लिहिताना के आणि एच अशी दोन अक्षरं लागतात, म्हणून तो काही ‘क’ आणि ‘ह’ होत नाही. मुळाक्षरांत त्याची स्वतःची जागा आहे, ‘क’च्या नंतर.

ती एकदम पुढे सरकली. “बाई, तुमच्या शब्दकोशात हे अक्षर कुठे येतं?”

“एल संपला की. एलचे सगळे शब्द आधी, मग याचे. सी-एचचंही तसंच. सी संपल्यावर.”

 ॲनेट उठून कपाटाशी गेली आणि पुन्हा ती निळी ओळ वाचली. सी-आर, सी-वाय, मग सी-एच. एल-ए, एल-ओ, मग डबल एल.

एकही फाइल चुकलेली नव्हती. फाइली रिकाम्या करून परत लावताना चोराच्या हातांनी नकळत त्या वेल्श मुळाक्षरांप्रमाणे लावल्या होत्या.

“बाई,” ॲनेट वळून म्हणाली, “कागद नेणाऱ्याला वेल्श येतं.”

मॅरेडचा चेहरा दगडासारखा झाला. “मग शोध संपला,” त्या म्हणाल्या. “मीच नेले. जाळून टाकले.”

५

त्यांनी निनादला आत बोलावून तेच पुन्हा सांगितलं. आवाजात जराही कंप नव्हता. “माझे कागद, माझी काडीपेटी. दुय्यम म्हणालास ना तू? मग रडतोस कशाला? आणि कॉन्सेप्टाचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही.”

निनाद मटकन बसला. कॉन्सेप्टा दाराशी डोळ्याला पदर लावून उभी होती.

ॲनेटने निनादला थोडा वेळ बाहेर जायला सांगितलं. मग ती मॅरेडसमोर खुर्ची ओढून बसली.

“तुम्ही मावशीला वाचवताय. मी तिची भाची आहे, मला ते आवडायलाच हवं. पण हे खरं नाही.”

“सिद्ध कर.”

“कॉन्सेप्टामावशीने फाइली इंग्रजी क्रमाने लावल्या होत्या. चोराने बाहेर काढून भरल्या आणि वेल्श क्रमाने उभ्या केल्या. त्यासाठी प्रत्येक नाव वाचावं लागतं. तुम्हाला माझं तोंड दिसत नाही, फाइलीवरचं नाव कसं दिसणार? प्रोफेसरांना वेल्श येत नाही. त्यांच्या यादीत, त्यांच्या फोटोत, सगळीकडे इंग्रजी क्रमच त्यांना बरोबर वाटतो. मावशीलाही. म्हणजे या घरात वेल्श जाणणारं तुमच्याशिवाय आणखी एक माणूस आहे.”

“नाही,” मॅरेड म्हणाल्या. “कोणीही नाही. असतं तर...” त्या थांबल्या. “असतं तर मला कळलं असतं.”

“कॅट्रिनना येतं?”

“तिला मी शिकवलं नाही.”  मॅरेड खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “माझा मुलगा होता. इवान. कॅट्रिनपेक्षा मोठा. त्याच्याशी मी फक्त वेल्शमध्ये बोलायचे. शाळेच्या सहलीला वादीत गेला. कोरडी नदी. डोंगरात कुठेतरी पाऊस पडला आणि पाण्याचा लोंढा आला. त्यानंतर या घरात ती भाषा माझ्या तोंडून निघाली नाही. फक्त कागदावर निघाली. कॅट्रिन तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. ती विचारायची, माम, तसं बोल ना. मी इंग्रजीत उत्तर द्यायचे.”

ॲनेटला सांत्वनाचं काही बोलावंसं वाटलं, पण या बाईला ते आवडलं नसतं.

“मला दोन शब्द द्या,” ती म्हणाली. “सी-एचने सुरू होणारा एक आणि डबल एलचा एक. तुमच्या कवितेला कधी नाव म्हणून न दिलेले.”

“कशाला?”

“उद्या सांगते.”

मॅरेडनी विचार केला आणि स्पेलिंग सांगितलं. “ल्लैआद. चंद्र.” मग थोड्या वेळाने दुसरा. “ख्वाएर.”

“याचा अर्थ?”

“बहीण.”

६

बुधवारी शाळा सुटल्यावर कॅट्रिन आली. पन्नाशीकडे झुकलेली, उन्हाने रापलेली, बोलण्यात तोडून टाकणारी. अभ्यासिकेत पाऊल टाकते तर जमिनीवर निळ्या फाइलींचा ढीग, आणि त्यात ॲनेट.

“उद्या ग्रंथालयाचे लोक येतायत. रिकाम्या तर रिकाम्या, नीट उभ्या तरी दिसायला हव्यात,” ॲनेट म्हणाली. “माझे गुडघे गेले. जरा लावायला मदत करता?”

“या फार्सची गरजच काय?” कॅट्रिन खाली बसली आणि रागारागाने फाइली कपाटात सरकवायला लागली. “तळघरात नेऊन ठेवणार, वर चिठ्ठी डकवणार, आणि पुढची शंभर वर्षं कोणी उघडणार नाही. इंग्रजी कवितांना काचेची पेटी. बाकीच्यांना सिमेंटची भिंत. आणि माझी आई हो म्हणाली!”

“तुम्हाला वेल्श येत नाही, तरी एवढा राग?”

“एक शब्दही येत नाही. माझ्या आईची कृपा.”

तिचे हात भराभर चालत होते. एका फाइलीवर मात्र ते थबकले. तिने नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फाइल ओळीत घातली. ॲनेट बघत होती.

शेवटची फाइल आत गेली तेव्हा ॲनेट उठली आणि ओळीतल्या दोन फाइलींवर बोट ठेवलं.

“ही, ल्लैआद. लांबच्या लांब, सगळे एल संपल्यावर. आणि ही, ख्वाएर. सगळे सी संपल्यावर. अगदी बरोबर जागी.”

“लहानपणापासून हे कपाट बघतेय मी. डोळ्यांना सवय आहे.”

“बाकीच्यांची असेल. या दोन फाइली या कपाटात कधी नव्हत्याच. काल मी तयार केल्या.”

कॅट्रिन उभी राहिली. तिचा चेहरा पडला नाही, उलट हनुवटी वर गेली.

“बरं, मग?” ती म्हणाली. “बोलवा पोलिसांना.”

७

“पोलिसांना प्रोफेसर बोलावणार आहेत,” ॲनेट म्हणाली, “उद्या. कॉन्सेप्टामावशीचं नाव घेऊन.”

हे मात्र कॅट्रिनला ठाऊक नव्हतं. फोनवर तिला फक्त कागद गायब झाल्याचं कळलं होतं. ती हळूच कपाटाला टेकली.

“तिचा काय संबंध? तिने मला वाढवलंय.”

“चावी तिला माहीत होती. तेवढा संबंध पुरतो. तुम्ही कपाट बंद करून दुबईला गेलात, आणि मागे जी होती तिच्यावर आलं. याचा विचार केला नाहीत?”

“नाही केला,” कॅट्रिन म्हणाली. “तिथे चुकले. पण तिथेच. कागद नेले त्यात मी चुकले नाही.”

“मग का नेलेत, ते तरी सांगा.”

कॅट्रिन कोऱ्या फाइलींकडे बघत बोलायला लागली. इवान गेला तेव्हा आई आणि तो ज्या भाषेत हसायचे ती भाषाच घरातून गेली. आपण मागे उरलो आणि आपल्याला इंग्रजी मिळाली. मोठेपणी तिने कोणाला न सांगता शिकायला घेतलं. शाळा सुटल्यावर, गाडीत, कानात हेडफोन घालून. आईला सांगायची हिंमत झाली नाही, कारण आई पुन्हा इंग्रजीतच उत्तर देईल ही भीती. मग शनिवारी आई दुपारची झोपली की ती कपाट उघडून वाचायला लागली. एका वेळी एक पान, शब्द अडला की फोनवर बघत.

“निनाद म्हणतो तिने वेल्श सोडली. डोळे जाईपर्यंत लिहीत होती ती! इवानचे बूट, त्याचा दुधाचा दात, त्याने ओरडून मला दिलेल्या शिव्या, सगळं तिथे आहे. आणि मी आहे. मी दाराशी उभी राहून ‘माम, तसं बोल ना’ म्हणते ती कविता आहे. तिने मला उत्तर दिलंय, सात पानं. फक्त मला दिलं नाही. कपाटाला दिलं. आणि ते आता अशा लोकांकडे जाणार ज्यांना त्यातली एक ओळ वाचता येत नाही? मी काही चोरलं नाही. मला आलेलं उत्तर मी घरी नेलं.”

ॲनेटने बरेच चोर बघितले होते. चोरी नाकारणारे, रडणारे, दुसऱ्यावर ढकलणारे. ही त्यातली नव्हती.

“ते तुम्ही कागदांना नाही, आईला सांगा,” ती म्हणाली. “आणि मावशीसमोर, प्रोफेसरांसमोर. उद्या. तुम्ही आला नाहीत तर मी सांगेन, पण माझ्या तोंडून ते चोरीसारखंच वाटेल.”

कॅट्रिनने गाडीची किल्ली उचलली आणि निघून गेली. ती येणार की नाही, हे ॲनेटला तिच्या पाठीवरून कळलं नाही.

८

गुरुवारी उझमा वेळेवर आली. निनादने कोट घातला होता आणि तक्रारीचा अर्ज खिशात होता. कॉन्सेप्टा मुद्दाम चर्चची साडी नेसून, ताठ मानेने मॅरेडच्या खुर्चीमागे उभी राहिली. ॲनेट दाराकडे बघत होती.

निनादने घसा साफ केला. “मला वाटतं आता आणखी थांबण्यात...”

फाटकाशी गाडी थांबली. कॅट्रिन एक सूटकेस ओढत आत आली, ती टेबलावर चढवून तिने उघडली. आत पिवळसर, दुमडलेले, पेन्सिलने आणि शाईने भरलेले कागद होते. गठ्ठ्यागठ्ठ्यांनी बांधलेले.

“मी नेले होते,” ती सगळ्यांना म्हणाली. “कॉन्सेप्टाने नाही. कॉन्सेप्टा, तुझ्यावर आलं त्याची मला लाज वाटते. बाकी कशाची वाटत नाही.”

निनाद उठला. “पण तुम्हाला तर वेल्श...”

मॅरेडनी हात वर केला, आणि तो थांबला. त्यांनी मुलीच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. मग त्या काहीतरी म्हणाल्या. लहानसं वाक्य होतं, घशातून आलेलं, शेवटी वर गेलेलं. खोलीत कोणालाही ते कळलं नाही.

कॅट्रिनला कळलं. तिने उत्तर दिलं. अडखळत, एक शब्द बदलून, पुन्हा पहिल्यापासून.

 मॅरेडचे डोळे कोरडेच होते. कॉन्सेप्टानेच मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“निनाद,” मॅरेड शेवटी इंग्रजीत म्हणाल्या, “आधी या बाईची माफी माग. सगळ्यांसमोर.”

निनादने खिशातला अर्ज काढला आणि मधोमध फाडला. मग तो कॉन्सेप्टाकडे वळून मराठीतच म्हणाला, “माझं चुकलं, मावशी. पुरावा न बघता बोललो मी.”

“पुरावा बघितलात, सर,” कॉन्सेप्टा म्हणाली. “उलटा बघितलात. आता चहा हवा असेल तर किचनमध्ये आहे. आज ज्याचा त्याने ओतून घ्या.”

उझमाला हसू आवरलं नाही. मॅरेड मात्र गंभीर होत्या. “उझमा, कागद आज जाणार नाहीत. जातील तेव्हा दोन्ही भाषांचे एकाच खोलीत, एकाच काचेमागे जातील. वेल्श वाचता येणाऱ्या माणसाने यादी केल्यावर. ‘दुय्यम’ हा शब्द कुठेही दिसता कामा नये. नाही जमलं तर ग्रंथालयाला इंग्रजीही मिळणार नाही.”

“डायरेक्टर चिडतील,” उझमा म्हणाली. “चिडू देत. मी लिहून घेते तुमच्या अटी. कधीपर्यंत थांबू?”

“माझी मुलगी मला सगळं वाचून दाखवेपर्यंत.”

निनाद सूटकेसशी उभा होता. वरच्याच कागदाच्या कोपऱ्यात, यादी करताना त्याने न बघितलेली, तारीख होती, अवघ्या काही वर्षांपूर्वीची. तो ती बघत राहिला. “माझ्या पुस्तकाचा अख्खा तिसरा भाग गेला,” तो स्वतःशी म्हणाला.

“गेला तर गेला,” कॅट्रिन म्हणाली. “खोटा होता.”

“मग खरा लिहायला मला मदत कराल?”

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. “आधी मुळाक्षरं शिका. मग बघू.”

सगळे बाहेर पांगले. ॲनेट पर्स घ्यायला परत आत आली तेव्हा कॅट्रिन खुर्ची ओढून आईच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसली होती. हातातला गठ्ठा तिने सोडला, पहिलं पान वर घेतलं आणि वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला मॅरेडनी तिला थांबवून एक शब्द नीट म्हणून दाखवला. कॅट्रिनने पुन्हा तसाच चुकीचा म्हटला. मॅरेडनी पुन्हा दुरुस्त केला.

कॅट्रिनने पान खाली घेतलं. “माम, मी हेडफोन लावून, ट्रॅफिकमध्ये शिकलेय. माझा उच्चार असाच आहे आणि असाच राहणार. ऐकायचं असेल तर याच्यातच ऐकावं लागेल.”

मॅरेडचं तोंड उघडं राहिलं. मग त्या हसल्या, आणि हसतच मागे टेकल्या.

“यल्ला,” त्या अरबीत म्हणाल्या, “चल, वाच.”